सत्तेचाळीस नंबरचा अभ्रा

१

बुधवारी सकाळी इतिहासाच्या बाईंनी काचेच्या कपाटातून नववी वही बाहेर काढली आणि ती त्यांच्या हाताला हलकी लागली. वहीवर नेहमीचं कापडी वेष्टन होतं, तिन्ही कडांना टाके घालून बंद केलेलं. बाईंनी एक कड उसवली. आत वही नव्हतीच. पुठ्ठ्याभोवती गुंडाळलेला एक उशीचा अभ्रा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नंबर भरलेला होता : ४७.

सत्तेचाळीस हा माझ्या भाचीचा वसतिगृहातला नंबर.

मला हे सगळं शुक्रवारी साडेअकराला कळलं. बहिणीला शाळेचा निरोप गेला होता, ‘मुलीला घेऊन जा’ एवढाच. तिला इस्पितळातल्या पाळीतून सुट्टी मिळेना, म्हणून दुकान बंद करून मी आले. मी कपडे शिवते. एका गिऱ्हाइकाचा कोट बाहीविना टांगून आले होते आणि रस्ताभर त्याचीच काळजी करत होते. भिंगरीनं फार तर कुणाची वेणी खेचली असेल, असं माझ्या डोक्यात. भिंगरी हे तिचं घरचं नाव, कारण ती एका जागी टिकत नाही.

मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलामागे ताठ बसल्या होत्या. साठी कधीच उलटलेली, चष्मा स्वच्छ, आवाज खालच्या पट्टीतला. ओरडणारी माणसं मला परवडतात. अशी हळू बोलणारी भेटली की मी आधी दार कुठे आहे ते बघते.

“ही मठाची रोजनिशी आहे,” त्या म्हणाल्या. “पंचाहत्तर वर्षांपूर्वी चार सिस्टर आणि नऊ मुली एका गोदामात राहायला आल्या, त्या दिवसापासूनची. बावीस वह्या. त्यावरून आम्ही शाळेचा इतिहास लिहून घेतोय. एक वही गेली म्हणजे शाळेची तीन वर्षं गेली.”

“आणि ती माझ्या भाचीनं कशाला न्यावी? तिला स्वतःची गणिताची वही सांभाळता येत नाही.”

“ते ती सांगत नाही.”

त्यांच्यापुढे शाळा सोडल्याचा दाखला टाइप होऊन पडला होता. वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’. सही तेवढी राहिली होती. “तुमची बस चारला आहे,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत वही मिळाली नाही, तर मी सही करीन.”

शेवटच्या वर्षाची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. तो एक शब्द दाखल्यावर बसला की दुसरी कुठलीच शाळा पोरीला दारात उभं करणार नव्हती. परीक्षा गेली असती, वर्ष गेलं असतं, आणि बहिणीनं पाच वर्षं मारलेल्या पाळ्या पाण्यात गेल्या असत्या.

“मला तो अभ्रा बघू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी तो नंबराची बाजू वर करून पुढे सरकवला. मी उलटा केला. लोक कापडाचं तोंड बघतात, आम्ही आधी पाठ बघतो. भिंगरी इथं आली तेव्हा यादीप्रमाणे दोन चादरी, दोन अभ्रे, तीन टॉवेल मीच शिवले होते आणि सगळ्यांवर नंबर एका बैठकीत मशीनवर मारले होते. मागच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता, मला स्वतःला लाज वाटावी असा. हा नंबर हातानं भरलेला होता. पाठ तोंडाइतकीच स्वच्छ. कुठे गाठ नाही. कापड धुऊन धुऊन मऊ पडलं होतं आणि आतल्या शिवणीत निळसर रेघ उतरली होती.

“सिस्टर, हा माझ्या भाचीचा नाही.”

“नंबर तिचाच आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. एक मुलगी आली. तिनं मला दोन जिने चढवून आजारी खोलीत सोडलं, आणि मी आत पाऊल टाकताच बाहेरून कडी लावली.

२

तीन लोखंडी पलंग, फिनेलचा वास, खिडकीला डोक्याच्या वरपर्यंत दुधी काच. भिंगरी मधल्या पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती. ती बसून होती, हेच मला बघवेना. दोन दिवसांत त्यांनी पोरीला एका जागी बसायला शिकवलं होतं.

“मावशी, आई का नाही आली?”

“आईला सुट्टी नाही. मी आहे ना? सरक तिकडे.” बसताना पलंगाच्या तारेत माझी बाही अडकली आणि कोपरापाशी टरकली. एरवी भिंगरी खिदळली असती.

मी तिला सोमवारचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. वर्षातून एक दिवस त्या वह्यांना धुलाईघराच्या गच्चीवर ऊन दाखवतात, कसर लागू नये म्हणून. त्या दिवशी वेष्टनं धुवायची, दुपारी वह्या परत वेष्टनात घालायच्या आणि कडेला टाके घालायचे. टाके घालायला सहा मुली, शिवणाच्या बाई आणि धुण्याच्या सिस्टर. मग मुलींनी टोपल्या रांगेनं खाली न्यायच्या.

“नववी तुझ्या टोपलीत होती?”

“हो. हलकी लागली मला.”

“मग बोलली का नाहीस, बये?”

“रांगेत बोलायचं नसतं.”

“खाली गेल्यावर?”

“खाली गेल्यावर प्रार्थना. मग अभ्यास. मग जेवण, तेव्हाही बोलायचं नसतं. मग मी विसरले.”

मला हसावं की तिचा कान धरावा कळेना. दुसऱ्या कुठल्याही शाळेतली पोर जिन्यातच ओरडली असती.

“हे मोठ्या सिस्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, हलकी लागली आणि गप्प राहिलीस, म्हणजे तुला माहीत होतं.” तिनं चादरीची कड बोटाला गुंडाळली. “मावशी, मी काही बोलले की ते माझ्यावरच उलटतं. म्हणून मी आता बोलतच नाही.”

मी तिला जवळ घेतलं. मग तिच्या उशीचा अभ्रा काढून उलटा केला. दोऱ्याचा गुंता, माझाच. दुसरा तिच्या नेहमीच्या पलंगावर होता म्हणाली. म्हणजे दोन्ही जागेवर होते आणि हा तिसरा कुणाचा तरी होता.

“भिंगरे, तुझ्या आधी सत्तेचाळीस कोण होतं?”

“मला काय माहीत? मुलगी शाळा सोडून गेली की तिचा नंबर नव्या मुलीला देतात.”

मी उठले आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले.

३

“नंबरांची वही असेलच तुमच्याकडे,” मी मोठ्या सिस्टरांना म्हटलं. “कुठला नंबर कधी कुणाकडे होता, त्याची. ती उघडा.”

“त्याची गरज नाही.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“गरज नाही म्हटलं ना मी.” एवढा एकदाच त्यांचा आवाज वर गेला. लगेच त्यांनी तो खाली आणला. “तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर बोला. इथं लपवण्यासारखं काही नाही.”

मी वेष्टन मागून घेतलं. बाईंनी एकच कड उसवली होती, बाकीच्या दोन कडांचे टाके तसेच होते. दोरा नवा, पण सुरुवातीला गाठ नाही. गाठीच्या जागी दोन बारीक उलटे टाके, शेवटीही तसेच दोन. मी अभ्रा त्याच्या शेजारी धरला. नंबराच्या पाठीवरही तेच दोन बारीक टाके होते. दोरे वेगळे, मध्ये कितीतरी वर्षं गेलेली, पण हात एकच होता.

म्हणजे ज्या बाईनं कधीकाळी ४७ हा आकडा भरला, तिनंच सोमवारी हे वेष्टन बंद केलं होतं. आता फक्त तो हात शोधायचा होता.

शिवणाच्या बाई शिवणवर्गात मुलींचे नमुने तपासत होत्या. चाळिशीच्या, बोलघेवड्या, गळ्यात मोजपट्टी. याच शाळेत शिकलेल्या, वसतिगृहातल्याच.

“तुमचा नंबर काय होता हो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बारा. का?”

“काही नाही. जरा चार टाके घालून दाखवता?”

त्यांनी सुई ओवली, दोऱ्याच्या टोकाला बोटावर गरकन गाठ मारली आणि सुरुवात केली. “मुलींनाही मी हेच शिकवते. गाठ घट्ट तर शिवण घट्ट.” भिंतीवरचे सगळे नमुने मी उलटून पाहिले. प्रत्येकाच्या पाठीवर गाठ होती. सहा मुली आणि त्यांच्या बाई एका फटक्यात सुटल्या.

इतिहासाच्या बाई वाचनालयात कागदांच्या ढिगाआड होत्या. गेली अठ्ठावीस वर्षं इथं शिकवणाऱ्या, शाळेचा इतिहास त्याच लिहीत होत्या. पहिल्या वर्षी गोदामाचं छप्पर गळायचं म्हणून मुली छत्र्या धरून जपमाळ म्हणायच्या, पुढे तीन मुली पहिल्यांदा शालान्त परीक्षेला बसल्या तर सिस्टर त्यांच्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या, असं बरंच त्यांनी न विचारता सांगितलं. बाई गोड होत्या, पण घड्याळात पाऊण वाजला होता.

“नवव्या वहीत काय होतं?”

“मी अर्धीच वाचली हो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. एका मुलीला घरचं कोणी न्यायला आलं आणि तसंच परत गेलं, अशी काहीतरी नोंद होती. मुलींची नावं नसतात त्यात, नुसते नंबर. तो कुठला होता ते आता आठवत नाही.”

“हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?”

“मोठ्या सिस्टरांना सांगितलं. आणि धुण्याच्या सिस्टरांना. म्हटलं, त्या काळात तुम्ही इथंच शिकत होतात, तुम्हाला काही आठवतं का. त्या काही बोलल्या नाहीत. तशाही त्या बोलत नाहीतच.”

“बुधवारपासून त्यांना कुणी काही विचारलं?”

बाईंनी चष्मा काढला. “त्यांना? धुलाईघरात कोण जातंय?”

४

धुलाईघर मागच्या अंगाला होतं, अर्धं जमिनीत. भिंतीला जुनी दगडी टाकी, मध्ये दोन मोठी मशिनं घरघरत होती. धुण्याच्या सिस्टर एकट्या चादर घडी करत होत्या, एक टोक हनुवटीखाली धरून. बुटक्या, साठीच्या, हात पाण्यानं पांढरे पडलेले. मला बघून त्यांनी आधी माझी बाही पाहिली.

“फाटली की हो तुमची. थांबा.”

मी नको म्हणायच्या आत त्यांनी सुई काढली आणि अंगावरच शिवायला घेतलं. मी बघत राहिले. दोऱ्याला गाठ मारली नाही. दोन बारीक उलटे टाके घातले आणि पुढे निघाल्या.

“गाठ नाही मारत तुम्ही?”

“गाठ अंगाला टोचते. आमच्या वेळच्या सिस्टर मारू द्यायच्या नाहीत. आता कोण तसं शिकवतं?”

“आणि नीळ घालता का अजून कपड्यांना?”

“नीळ? ही मशिनं आली तेव्हापासून बंद. नऊ वर्षं झाली.”

भिंगरीला इथं येऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या कुठल्याच कपड्यानं नीळ पाहिली नव्हती. मला आता पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारवेना, कारण बाई मन लावून माझी बाही शिवत होती.

“सिस्टर, लहानपणी तुमचा नंबर काय होता?”

“सत्तेचाळीस,” त्या म्हणाल्या. किती वाजले विचारल्यावर सांगावं, तसं.

“मग ती वही तुमच्याकडे आहे.”

“आहे. इस्त्रीच्या टेबलाखाली. अजून थोडी पानं राहिलीत. मला भराभर वाचता येत नाही. रविवारी परत ठेवणार होते.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “कुणाला हवी आहे का?”

“कुणाला हवी आहे का! अहो, तिच्यापायी माझ्या भाचीला बुधवारपासून कोंडून ठेवलंय. चारला तिला शाळेतून काढणार आहेत.”

सुई त्यांच्या हातातून पडली. “ती आजारी खोलीतली? मला कुणी काही सांगितलं नाही. मला वाटलं ताप आलाय. मी जादाचं पांघरूण पाठवलं होतं तिला.”

खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. कोट कधी देणार विचारल्यावर माझाच तसा होतो. हा तसा नव्हता.

“पण अभ्रा का घातलात आत? इथं चादरींचे ढीग पडलेत.”

“ते संस्थेचं कापड. न विचारता कसं घेणार? अभ्रा तेवढा माझा स्वतःचा होता, घरून आणलेला.”

वही उचलताना न कचरलेली ही बाई जुन्या चादरीचा तुकडा घ्यायला कचरली होती. मठात पंचेचाळीस वर्षं काढल्याशिवाय अशी चोरी कुणाला जमणार नाही.

“चला वर,” मी म्हटलं.

त्यांनी टेबलाखालून वही काढली, झग्याला हात पुसले आणि विचारलं, “मोठ्या सिस्टरांना माहीत आहे का, मी वाचलं ते?”

५

मी मोठ्या सिस्टरांपुढे अभ्रा, वेष्टन आणि माझी बाही एका रांगेत धरली. टाके दाखवले, नीळ दाखवली. नऊ वर्षांपूर्वी इथं असलेला अभ्रा पाच वर्षांपूर्वी आलेल्या मुलीचा असू शकत नाही, हेही बोलून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“एवढं मला अर्ध्या दिवसात कळलं,” मी म्हटलं. “तुम्ही इथं आयुष्य काढलंत. नंबर फिरतात हे तुम्हाला माहीत, नंबरांची वही तुमच्या खणात. ती उघडायला तुम्ही नको म्हणालात. का?”

धुण्याच्या सिस्टरांनी वही टेबलावर उघडली आणि एका ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. “‘४७चा भाऊ तिला घरी न्यायला आला. दारावरच्या सिस्टरनं त्याला सांगितलं की तिला इथंच राहायचं आहे. तिला कळवलेलं नाही.’” त्यांनी मान वर केली. “हे अक्षर तुमचं आहे. त्या वर्षी दारावरही तुम्हीच होतात.”

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याविना त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

“मी तेवीस वर्षांची होते. त्या वेळच्या मठाच्या मुख्य मदरनी सांगितलं, मी केलं. त्यांना तुम्ही मठात हव्या होतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अभ्रा बघताक्षणी मला कळलं होतं. यांचं नाव घेतलं असतं तर हे पान सगळ्यांसमोर आलं असतं. तुमच्या भाचीचा नंबर समोर होता. मी तो धरला.”

“धरला! सोळा वर्षांची पोर आहे ती!” माझा आवाज चिरकला. मला त्यांना टेबलासकट हलवावंसं वाटत होतं.

धुण्याच्या सिस्टरांना मात्र यातलं काही ऐकू गेलं नसावं. “तो काय म्हणाला?” त्यांनी विचारलं. “यात लिहिलेलं नाही. मी पुढची सगळी पानं शोधली.”

मोठ्या सिस्टरांनी वही आपल्याकडे ओढून मिटली.

“तो म्हणाला, तिला एकदा दारात येऊन स्वतःच्या तोंडानं नाही म्हणू द्या, मी लगेच जातो. मी नाही म्हटलं. दिवे लागेपर्यंत तो समोरच्या फुटपाथवर बसला होता. मग गेला.”

“मला वाटायचं, तो आलाच नाही,” धुण्याच्या सिस्टर म्हणाल्या. “येतो म्हणाला होता. पंचेचाळीस वर्षं मी त्याच्यावर रागावले होते. तीन वर्षांपूर्वी तो वारल्याचं पत्र आलं, तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही.”

“तेव्हा तुम्हाला विचारलं असतं तर गेल्या असतात?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“माहीत नाही. आता ते कसं कळणार?”

मोठ्या सिस्टरांनी दाखला उभा फाडला, मग आडवा. घंटी न वाजवता त्या स्वतः उठल्या, दोन जिने चढून गेल्या आणि भिंगरीला घेऊन आल्या. दारातच थांबून तिला म्हणाल्या, “तू काही केलेलं नव्हतंस. ते मला माहीत होतं. माझं चुकलं. तू परीक्षेला बस.”

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. मी तिचं मनगट धरलं. “परीक्षेला घरून येता येतं. या घरात मी तुला एक मिनिट ठेवणार नाही. चल.”

“तिला विचारा!”

धुण्याच्या सिस्टर ओरडल्या होत्या. त्यांना ओरडायची सवय नव्हती, आवाज फाटला. “तुम्हीपण तिला विचारत नाही आहात. आधी विचारा तिला.”

मी मनगट सोडलं. माझे कान तापले होते. मोठ्या सिस्टरांनी मान खाली घातली. आम्ही तिघी त्या सोळा वर्षांच्या पोरीसमोर उभ्या राहिलो आणि ती विचार करत होती तोपर्यंत कुणी हललंसुद्धा नाही.

“राहते,” ती शेवटी म्हणाली. “परीक्षा इथंच देते, मैत्रिणींबरोबर. अकरा दिवस. मग मावशी, तू दारात ये. मी आपणहून बाहेर येईन.”

“येईन,” मी म्हटलं. “सकाळपासून येऊन बसेन.”

धुण्याच्या सिस्टर जवळच्या खुर्चीत बसल्या, तोंडावर दोन्ही पांढरे हात घेतले आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मोठ्या सिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, पण खांद्याला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.